उलटा खिळा

बैल पाडायला तीन माणसं लागतात असं म्हणतात. माझे अब्बा एकटे पाडायचे. दोराचा एक फास शिंगाला, एक वेढा छातीला, एक कमरेला, आणि मग मागं रेलून नुसती ओढ धरायची. भला थोरला खिल्लारी बैल आधी बुचकळ्यात पडायचा, मग गुडघे टेकायचा आणि शेवटी मोठा सुस्कारा टाकून कुशीवर आडवा व्हायचा. चारी पाय एकत्र बांधले की खेळ खलास. बघणाऱ्यांना वाटायचं, बैल घाबरून गप्प पडलाय. मी इतक्या जवळून पाहिलंय की मला ते पटत नाही. तो एकदा जोर करून बघतो, दोन वेळा करून बघतो, दोर किती आहे ते त्याला कळतं आणि मग तो डोळे उघडे ठेवून पडून राहतो. सतराव्या वर्षी मीही नेमकी तशीच पडून होते, म्हणून मला त्या डोळ्यांकडं बघवायचं नाही.

आम्ही नालबंद. आडनावही तेच आणि धंदाही तोच. घोड्याला नाल मारतात, बैलाला पत्री. घोडे आजोबांच्या काळातच संपले, अब्बांच्या वाट्याला बैल आले. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ, जोडीला सोळा. नगरहून औरंगाबादला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, घोडेगावात, आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि पुढं पाचटाचं छप्पर. त्या छपराखाली अब्बांचा दगड, हातोडी, कानस, सांडशी आणि खिळ्यांचा डबा. शुक्रवारच्या बाजाराला शेवगाव-पाथर्डीकडून जनावरं दोन-दोन दिवस चालत यायची. ती आधी आमच्या दारात थांबायची, मग बाजारात जायची. गुरुवारी सकाळपासूनच घुंगरांचा आवाज सुरू व्हायचा आणि अम्मा त्या आवाजावर शेंगोळ्यांचं आधण ठेवायची. लसूण-मिरचीच्या वाटणाचा ठसका, घासलेल्या खुराचा उग्र वास आणि शेण, या तीन वासांचं मिळून माझं लहानपण झालं. नंतरचं सगळं आयुष्य मी फिनेलच्या वासात काढलं, पण भूक लागते ती अजून त्याच वासांनी.

अब्बांची खरी भरभराट केली ती डांबरानं. मातीच्या वाटेवर बैलाचा खूर महिनोन् महिने टिकतो, डांबरावर आठ दिवसांत झिजून जिवाशी येतो. त्यात साखर कारखाने निघाले, लाकडी चाकाच्या जागी रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि एका जोडीवर दुप्पट ऊस लादायला लागले. पत्रीशिवाय बैल डांबरावर उभाच राहीना. दसऱ्याच्या आसपास तोडीला निघालेल्या गाड्यांची आमच्या दारापासून पार ओढ्यापर्यंत रांग लागायची आणि अब्बा जेवण करून हात धुवायच्या आत पुढचा बैल पाडायचे. ते डांबराला दुवा द्यायचे. म्हणायचे, "सरकारनं रस्ता केला तो आपल्यासाठीच केला, जैबू."

आता हसू येतं. डांबराला काय, त्याच्यावरून बैल गेला काय आणि ट्रक गेला काय. आधी ट्रक दिवसातून मोजके जायचे, पोरं टाटा करायला पळायची. मग टाटा करून हात दुखायला लागले. ज्यांचा कांदा पूर्वी नगरच्या पलीकडं जात नव्हता, त्यांच्या गोण्या संध्याकाळी ट्रकवर चढून सकाळी मुंबईत उतरायला लागल्या. ज्यांच्या घरी गुळाचा कोरा चहा व्हायचा, ती माणसं संकरित गाई बांधून दारात येणाऱ्या व्हॅनमध्ये दूध घालू लागली. गावात सिमेंटची घरं उठली. हल्ली टीव्हीवर कुणी शहाणा माणूस रस्ते आणि राज्याची प्रगती यावर बोलायला लागला की मी मान डोलावते. ती प्रगती मी दारात बसून, तोंडावर ओढणी धरून, धुरळ्यासकट पाहिली आहे. फक्त ती आमच्या दारात थांबली नाही, एवढंच.

आणि मग जनावरंही टेम्पोतून यायला लागली. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा अब्बा हातोडी खाली ठेवून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. "बैल बसून बाजारला येतोय!" ते म्हणाले. "उद्या नवरदेव झोपून वरातीला येईल." सगळे हसले. पण पुढच्या शुक्रवारी दोन टेम्पो होते आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी कोणी मोजले नाहीत. जो बैल चाललाच नाही त्याचा खूर झिजणार कुठून? शेंगोळ्यांचं आधण लहान होत गेलं. अम्मा व्यवहाराची बाई. तिनं सरळ सुचवलं की छपराखाली पंक्चरचं दुकान टाका, रस्ता आपल्याच दारात आहे. अब्बांना तो अपमान वाटला. "रबराला काय जिव्हाळी असती का?" ते म्हणाले आणि उठून गेले.

जिव्हाळी हा आमच्या घरातला फार मोठा शब्द. खुराचा बाहेरचा भाग मेलेला, नखासारखा. त्याच्या आत जिवंत मांस असतं, ती जिव्हाळी. सगळी नालबंदी म्हणजे खिळा जिव्हाळीला न लागता खुरात बसवणं. त्यासाठी खिळ्यालाच एक अक्कल दिलेली असते. टोकाजवळ त्याला एका अंगानं उतार घासलेला असतो. उताराची बाजू खुराच्या आतल्या अंगाला ठेवली तर खिळा आपसूक बाहेरच्या बाजूला वळतो आणि खुराच्या भिंतीतून टोक काढतो. तोच खिळा उलटा धरला तर तो आत वळतो आणि थेट जिव्हाळीत शिरतो. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण तिची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ज्याला कळत नाही त्यानं बैलाच्या पायाला हात लावू नये, असं अब्बा म्हणायचे.

आणि अब्बांना ते दिसत नव्हतं.

हे गावात कोणाला माहीत नव्हतं. घरातही कोणी बोलत नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. लांबचा माणूस त्यांना आकारावरून कळायचा, बैल रंगावरून, पण खिळ्याचा उतार दिसणं बंद झालं होतं. अंगठ्यानं चाचपून तो कळला असता, पण गिऱ्हाइकासमोर एकेक खिळा चाचपत बसलं की गुपित फुटलंच. एके दिवशी त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "तू देत जा, माझा हात मोकळा राहील." तेव्हापासून मी डोक्यावर ओढणी घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसायची आणि प्रत्येक खिळा बरोबर बाजूनं त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते न बघता उचलायचे आणि ठोकायचे. बाकीचं काम त्यांचे कान करायचे. खिळा नीट चालला असेल तर हातोडीचा आवाज खणखणीत येतो. जिव्हाळीकडं वळला की आवाज बसतो, आणि अब्बा दुसऱ्या ठोक्यालाच थांबून तो उपटून टाकायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, पोरगा नाही म्हणून बिचारा पोरीला डबा धरायला बसवतो. मी डबा धरत नव्हते, मी अब्बांचे डोळे होते. पुढं नोकरी लागल्यावर मीच त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, साधं काम होतं. पण तेव्हा 'मला दिसत नाही' हे चारचौघांत म्हणायची त्यांची तयारी नव्हती. नालबंदाचे डोळे गेले असं एकदा बाजारात झालं की संपलं.

त्याच साली गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी माझा नर्सिंगचा अर्ज भरला होता. मी दहावीला बरी पास झाले होते आणि सिस्टरांना माझे हात आवडायचे, म्हणायच्या, तुझा हात कापत नाही. कसा कापेल? चारशे किलोच्या जनावराच्या लाथेजवळ बसून मी तो स्थिर ठेवायला शिकले होते. नगरहून पत्र आलं, दिवाळीच्या आधी हजर व्हा, राहायला हॉस्टेल आहे. मी ते रात्रीच्या भाकरीबरोबर अब्बांसमोर ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. वाचता येत होतं, पण दिसत नव्हतं. "पुढल्या साली बघू," ते म्हणाले. अम्मा तव्याकडं बघत राहिली. मी का म्हणून विचारलं नाही, कारण उत्तर तिघांनाही माहीत होतं आणि ते तोंडातून काढायची कोणाचीच छाती नव्हती. त्यांनी मला सरळ 'नाही' म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मी कमी नव्हते. पण न बोललेल्या गोष्टीशी भांडायचं कसं?

पुढचे दिवस मी फार वाईट काढले. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं एकच खिडकी होती आणि तिच्यातून सगळी दुनिया जाताना दिसायची. नगरची एसटी दर अर्ध्या-पाऊण तासानं. ऊस चालला, कांदा चालला, दूध चाललं, कोंबड्यासुद्धा जाळीच्या गाडीत बसून चालल्या. फार लांबचं नव्हतं माझं नगर, तासाभराचा रस्ता. आज माझ्या चुलतबहिणीचा पोरगा मला अर्ध्या तासात पोचवतो आणि तरी ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडतो. त्या वेळी तेवढा तास मला ओलांडता येत नव्हता. मला अब्बांचा राग यायचा, मग त्यांच्या चाचपडणाऱ्या बोटांकडं बघून स्वतःचा राग यायचा, आणि दोन्ही राग गिळून मी पुन्हा डबा घेऊन बसायची. बैल महिन्यातून चार-पाच यायचे. तेवढ्यासाठी मी बांधलेली.

हजर व्हायच्या तारखेला दहा-बारा दिवस राहिले असताना भिवाआण्णा आले. पाथर्डीकडचे ऊसतोड्ये, दर साली तोडीला निघायच्या आधी त्यांची जोडी आमच्याकडंच यायची. माणूस गरीब, पण बैल असे राखलेले की बघत राहावं. "टेम्पोत न्हाई घातले इमामभाई," ते अभिमानानं म्हणाले. "चालवत आनले. चाललेला बैल हाय, बसलेला न्हाई." अब्बांचा चेहरा उजळला. त्यांनी अम्माला चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "असं एक गिऱ्हाईक दर साली आलं तरी मी हातोडी खाली ठेवायचा न्हाई."

ते वाक्य मी ऐकलं. दर साली. हातोडी खाली ठेवणार नाही.  मी आजवर स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं की माझा हात चुकला, उन्हानं डोळे दिपले, लक्ष नव्हतं. आता साठी ओलांडल्यावर खोटं कोणासाठी बोलू? माझं पूर्ण लक्ष होतं. एक बैल झाला. दुसरा पाडला, त्याचं नाव सोन्या. मागच्या उजव्या पायाची पत्री चालली होती. खिळा चिमटीत घेऊन मी थांबले. अब्बांचे कान मला माहीत होते. दुसऱ्या ठोक्याला त्यांना कळलं असतं. म्हणून मी रस्त्याकडं बघितलं. कांद्याचा ट्रक येत होता, पाठोपाठ दुसरा, आणि वळणावर दोघंही हॉर्न देणार हे मला रोजच्या सवयीनं ठाऊक होतं. ते दाराशी आले तेव्हा मी खिळा उलटा करून अब्बांच्या तळहातावर ठेवला.

त्या हॉर्नच्या गोंगाटात हातोडीचे चार ठोके पडले. चौथ्याला सोन्या ओरडला. बैल हंबरतो ते वेगळं, हे वेगळं होतं. बांधलेल्या चारी पायांसकट तो जमिनीवरून उचलला गेला आणि त्याची मान दाबून बसलेले भिवाआण्णा बाजूला फेकले गेले. ट्रक गेल्यावर सगळं एकदम शांत झालं, फक्त बैलाचा श्वास ऐकू येत होता. अब्बांनी सांडशीनं खिळा उपटला. मागून रक्त आलं. त्यांनी तो खिळा धोतराला पुसला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला, टोकापासून डोक्यापर्यंत, सावकाश. मग खुरातल्या भोकावर तोच अंगठा ठेवला. खिळा कुठल्या बाजूनं शिरला हे सांगायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. त्यांनी मान वर करून माझ्याकडं तोंड केलं. मी दिसत नसणार त्यांना, नुसता आकार दिसत असेल. 

"काय झालं रं इमामभाई?" भिवाआण्णा उठत म्हणाले.

"आण्णा, चूक माजी हाय," अब्बा म्हणाले. "दोन साल झालं, मला दिसत न्हाई."

भिवाआण्णांना आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी डोक्याचा फेटा काढून जमिनीवर आपटला. "दिसत न्हाई तर हातोडी कशाला धरलीस? आठ दिवसांत टोळी निघायचीय माजी. एका बैलावर गाडी हाकू का?" त्यांचा आवाज फुटला. "बायकू-पोरं घेऊन कुटं जाऊ आता मी?"

"माजी चूक हाय," अब्बांनी पुन्हा तेवढंच म्हटलं. "बैल हितं ऱ्हाऊ दे. त्याला पायावर उभा केल्याबिगर मी तुला त्वांड दाखवायचा न्हाई."

मी तिथंच बसून होते. माझी चूक आहे, मी मुद्दाम केलं, एवढंच तेव्हा बोलता आलं असतं. अम्मा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. मी खिळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. भिवाआण्णा एक बैल घेऊन चालत गेले आणि शुक्रवारच्या बाजारात बातमी त्यांच्याही आधी पोचली. त्यानंतर आमच्या छपराखाली एकही बैल पडला नाही. भिवाआण्णांनी त्या साली गाडी घरी ठेवली आणि नवरा-बायको ट्रकवाल्या टोळीत कोयता घेऊन गेले. त्यांच्या लेखी गाडीवान असणं म्हणजे अब्रू होती. ट्रकवर चढणं म्हणजे मजूर होणं. हे मला पुढं अम्मानं सांगितलं. सोन्या दीड महिन्यानं बरा झाला तेव्हा भिवाआण्णांच्या मेव्हण्यानं त्याला टेम्पोत घालून नेलं. तेही अम्मानंच सांगितलं.

पण ते सगळं नंतर. त्या आठवड्यात सोन्या आमच्या दारातच बांधलेला होता, एक पाय उचलून तीन पायांवर उभा. अब्बा दिवसातून तीन वेळा हळद आणि कडूलिंबाचं तेल गरम करून त्याच्या खुराला बांधायचे. मला बोलवायचे नाहीत. चाचपडत स्वतः फडकं शोधायचे, स्वतः आग फुंकायचे, भाजलं तर बोट तोंडात घालायचे. मी पाणी घेऊन गेले तर हातातून घ्यायचे, पण बोलायचे नाहीत. रागावले असते, मारलं असतं तर मी सुटले असते. तिसऱ्या दिवशी त्यांनी अम्माला सांगितलं, "पोरीची पेटी भर. सोमवारी जाईल ती." अम्मा रडली. तिला वाटलं, अब्बा हरले म्हणून पाठवतायत. तिनं वाटेसाठी शेंगदाण्याची चटणी कुटली आणि पेटीत दोन जुने फ्रॉकसुद्धा घातले, कशासाठी कोणास ठाऊक.

ज्या गोष्टीसाठी मी हे केलं ती गोष्ट मला आता नको झाली होती. सोमवारी सकाळी बाहेर आले तर सोन्या माझ्याकडं बघत उभा. पाय अजून टेकत नव्हता. अब्बा माझी पेटी खांद्यावर घेऊन रस्त्याकडं चालायलाही लागले होते, मधल्या दगडाला ठेचकाळले, सावरले आणि परत चालू लागले. मी मागून गेले. थांब्यावर आम्ही दोघंच होतो. रस्त्यानं दुधाची व्हॅन गेली, मोळ्यांनी भरलेला ट्रॅक्टर गेला. माझा धीर तिथंच सुटला.

"अब्बा, मी जात न्हाई," मी म्हणाले. "मी हितंच ऱ्हाते. बैलाचं सगळं मी करते. तुमी म्हनाल ते करते."

घरात आम्ही अर्धी दखनी, अर्धी मराठी बोलायचो, पण अब्बा धंद्याचं बोलणं नेहमी मराठीतच करायचे. लांबून एसटी आली, मला दिसायच्या आधी त्यांना ऐकू आली. त्यांनी पेटी खाली ठेवली, हात पुढं करून माझं डोकं शोधलं आणि त्यावर तळहात ठेवला.

"आता तू ऱ्हायलीस," ते म्हणाले, "तर त्या बैलाचा पाय फुकट गेला."

एसटी थांबली. मी चढले.